बाभळीखालचा निरोप्या

दोन उंट एकटेच वलाता गावात शिरले. पाठीवर मिठाच्या लाद्या तशाच बांधलेल्या होत्या. ते थेट विहिरीकडे गेले. बाजारातल्या बायकांचे बाजरी मोजणारे हात थांबले. तघाझाच्या खाणीतून निघालेला तांडा वाटेत मेला, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

येद्दर दारात पखाल शिवत बसला होता. तो सुई हातात धरूनच उठला. त्याची बायको ताकामा त्या तांड्यात होती.

रीत अशी होती, की तांडा शेवटच्या विहिरीवर थांबे आणि वाट जाणणारा एक निरोप्या पुढे पाठवून मग त्याच्यामागून निघे. तो गावात पोचला की येद्दर पाणी घेऊन तांड्याला वाटेत गाठायला निघे. निरोप आल्याशिवाय पाणी न्यायचं नाही, असा सुलतानाच्या कारभाऱ्याचा हुकूम होता. या खेपेचा निरोप्या होता अग्गू. येद्दरने पखाली भरून ठेवल्या होत्या. अग्गू आलाच नाही.

ताकामा बापाच्या आजारपणासाठी तघाझाला गेली होती. बाप जन्मभर वाटाड्या. निघताना येद्दर म्हणाला होता, “जपून जा.”

ती हसली होती. “मला सांगतोस? तू मशिदीतून घरी येताना चुकतोस. तुम्ही पुरुष तोंड झाकून हिंडता ते उगाच नाही. वाट चुकल्याची लाज वाटते तुम्हाला.”

तिचं ते उघडं, हसरं तोंड त्याने शेवटचं पाहिलं.

माणसं घेऊन तो निघाला. आधी सापडला तो निरोप्या. गावापासून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका बाभळीखाली. उंट कुठे दिसत नव्हता. अंगावर अग्गूचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा, कमरेला निरोपाची पिशवी, निळं मुंडासं नाकातोंडावर घट्ट बांधलेलं. भलेमोठे जोडे काढून शेजारी ठेवलेले. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या.

“झोपला,” येद्दर म्हणाला. “सावली दिसली, जोडे काढले आणि झोपला हरामखोर. गाव इतकं जवळ असताना!”

“उन्हाने वाळून केवढासा झालाय,” उंटवाला यह्या म्हणाला. मुंडाशाला त्याने हात लावला नाही. पुरुषाचं तोंड उघडं करणं म्हणजे त्याची अब्रू घेणं, मग तो मेलेला का असेना. तो गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसू लागला.

येद्दरने पायाने ती वाळू परत खड्ड्यात लोटली. “याला माती नाही.”

“येद्दर, मुसलमान आहे रे तो.”

“तांड्यातले कोण होते मग? ज्याला याला पुरायचंय त्याने पुढच्या खेपेला आपलं पाणी आपण आणावं. माझ्या पखालीला हात लावायचा नाही.”

यह्या उठला. वाळवंटात पखालीवाल्याशी कोण भांडणार?

तांडा पुढे सापडला. वादळाने बरीच माणसं वाळूखाली घातली होती. जी दिसली त्यांना त्यांनी हातांनी आणि उंटाच्या खोगिरांच्या फळ्यांनी खणून पुरलं. ताकामा मिळाली नाही. वाळूच्या एका ढिगाकडे तोंड करून येद्दरने नमाज पढला आणि परतला.

दुसऱ्याच दिवशी कारभाऱ्याने मीठ आणायला माणसं धाडली. त्यांच्या खांद्यांवर नव्या कुदळी होत्या.

“आम्ही निघालो तेव्हा कुठे होत्या रे या?” येद्दर रस्त्यातच ओरडला. “माणसं पुरताना आमची नखं निघाली!”

“मीठ सुलतानाचं आहे,” पुढचा म्हणाला आणि चालू लागला.

अग्गूची आई तिनिस रोज दुपारच्या नमाजानंतर येद्दरच्या दाराशी येऊन बसायची. पायाने अधू. तिला एकटीला बाभळीपर्यंत जाणं शक्य नव्हतं.

“लेकरा, दोन मुठी माती टाकू दे. माफ नको करूस. नुसती माती.”

“तुझा लेक सावलीत झोपलाय, म्हातारे. झोपू दे.”

“माझा अग्गू वाटेत झोपणारा नाही.”

“मग जाऊन उठव त्याला.”

म्हातारी काठी शोधत उठायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

शेवटी काझी स्वतः आले. “माती देणं साऱ्या गावावर फर्ज आहे, येद्दर. तुझ्यामुळे सगळे गुन्हेगार होतोय.”

“कारभाऱ्याला सांगा. त्याच्याकडे कुदळी आहेत.”

“त्याच्याशी तुला भांडता येत नाही, म्हणून मेलेल्यावर राग काढतोस.”

“काढतो. जिवंत सापडला असता तर जिवंतावर काढला असता.”

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी विहिरीकडे आरडाओरडा झाला. भटक्या गुराख्यांनी उंटावरून कुणाला तरी आणलं होतं. एक पाय काळा पडून वाळलेला. डोक्याला काही नाही, तोंड उघडं. ते तो एका हाताने झाकत होता, आणि बायका लाजेने माना फिरवत होत्या. तिनिस मात्र त्याला बिलगून हंबरडा फोडत होती.

तो अग्गू होता.

येद्दर चामडं कापायची सुरी घेऊन आला. “ऊठ. बसलेल्याला मी मारत नाही.”

“उठता येत नाही, दादा. विहिरीवर साप चावला. तांडा मला तिथेच ठेवून पुढे गेला.”

“मग बाभळीखाली कोण आहे? तुझा झगा, तुझी पिशवी. कुणाला पाठवलंस?”

अग्गूचा तोंडावरचा हात खाली आला.

“वाट ठाऊक असलेलं तांड्यात दुसरं होतं कोण? वाळूने तोंड भाजेल म्हणून माझं मुंडासं मीच बांधलं तिला. जोडे मोठे होत होते, तरी तेच घालून निघाली. म्हणाली, येद्दर पखाली भरून बसला असेल.”

बाभळीखाली अजून कुणी माती टाकली नव्हती.