जोडपं क्रमांक अकरा

“चाळीसच्या चाळीस? एकही जोडपं मधूनच सोडून गेलं नाही?” ज्ञानेश्वरीने फोनवर विचारलं.

“नाही मॅडम. वर्षानंतर पोरं पाठवली तेव्हाही सगळी घरं जागच्या जागी होती,” करण म्हणाला. आवाजात अभिमान होता.

तिने फोन ठेवला, पण त्याचा पीएचडीचा प्रबंध मिटला नाही. नगरच्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची आणि परीक्षक म्हणून पोरं तिला वचकून असायची. लग्नाच्या पंगतीला बोलावलेली माणसंसुद्धा पुरी येत नाहीत आणि याच्या अभ्यासातून एकही घर गळत नाही?

करणने सुप्याच्या कारखान्यांत राबणारी जोडपी निवडली होती. दर आठवड्याला सगळ्यांना एकत्र बोलावून नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं आणि पैशाचं जे काही एकमेकांपासून लपवलं असेल ते मोकळेपणाने सांगायला लावायचं. परदेशात याला फायनान्शियल थेरपी म्हणतात. बैठकांआधी आणि नंतर वर्षाने त्याने नेमलेल्या पोरांनी प्रत्येक घरी तेच प्रश्न विचारले होते. पैशावरून होणारी भांडणं निम्म्याहून कमी झाली होती. प्रबंधाला मान्यता मिळाली की जिल्ह्यातल्या बचत गटांमध्ये अशाच बैठका घ्यायची एका संस्थेची तयारी होती. हजारो घरांचा प्रश्न होता.

ज्ञानेश्वरीने चुका शोधल्या. तुलनेसाठी दुसरा गट घेतलेला होता. प्रश्न सरळ होते, आकडेमोड बरोबर होती. लोकांची नावं गुप्त ठेवून नुसते क्रमांक दिले होते, तेही नियमाला धरूनच. बोट ठेवायला जागा सापडेना.

“मला एका घरी जायचंय,” तिने करणला कळवलं. “कुठलं ते मी ठरवणार आणि तू बरोबर यायचं नाहीस.”

तिने अकरा नंबर सांगितला. करणने घरच्या माणसाची परवानगी काढली आणि पत्ता दिला.

सुप्याच्या बाहेर, पत्र्याच्या दोन खोल्या. दारात घरधनी, राम, मोटारसायकल पुसत होता. “या मॅडम. इचारा काय इचारायचं ते. आमच्यात आता लपवाछपवी न्हाई,” तो म्हणाला आणि पुसत राहिला.

आत त्याची बायको चुलीपाशी होती. अंगाने शिडशिडीत, वयाने ज्ञानेश्वरीला वाटलं होतं त्याहून लहान. पदराला तीन-चार वर्षांची मुलगी लोंबकळत होती. “मावशी, दूध दे,” ती म्हणाली. ज्ञानेश्वरीला हसू आलं. भरल्या घरात पोरं ऐकतात तेच बोलतात. ती स्वतः दहावीपर्यंत आईला वहिनी म्हणायची.

तिने दार लोटून घेतलं. “हे बघ, तू बोलशील ते बाहेर जाणार नाही. घरात पैशावरून भांडणं होतात?”

“न्हाई बाई.”

“तू कधी काही बाजूला ठेवतेस? त्यांना न सांगता?”

“न्हाई. मी कायच लपवत न्हाई. पगार झाला की त्यांच्या हातात देते.”

“भीतीने?”

तिने मुलीपुढे दुधाची वाटी ठेवली. “भ्यायचं कशाला? खरं बोलल्यावर काय हुतं ते मला म्हाईत हाय.”

“म्हणजे त्या बैठकांचा फरक पडला.”

“लई पडला,” ती म्हणाली. तिने ज्ञानेश्वरीकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. “त्या बैठका झाल्या नसत्या तर मी या घरात नसते.”

ज्ञानेश्वरीने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. 

तिने स्वतः भावाच्या दुकानासाठी नवऱ्याला न सांगता पैसे दिले होते. त्याला ते कळलं तेव्हा तो ओरडला नाही, त्याने नुसतं बोलणं टाकलं. दोन वर्षं एका छताखाली मुक्याने काढून दोघं वेगळी झाली. त्या वेळी कुणी आपल्याला असं समोरासमोर बसवलं असतं तर? आपण खरं सांगितलं असतं, तो चिडला असता, मग निवळला असता. इतक्या वर्षांत हा विचार तिने मनाशी येऊ दिला नव्हता. आज या पोरीने चहाचा कप हातात ठेवावा तसा तो सहज पुढ्यात ठेवला होता.

निरोप घेताना तिने मुलीच्या गालाला हात लावला. बाहेर आल्यावर लगेच करणला फोन केला.

“माझी शंका फिटली. प्रबंध मी मान्य करतेय. त्या संस्थेला कळव, बैठका सुरू करायला हरकत नाही.”

“मॅडम, खरंच?” पलीकडून त्याने विचारलं.

“या बाईचं बोलणं मी स्वतः ऐकलंय.”

शेजारची बनुबाई भाजी आणायला निघाली होती. ती फाट्यापर्यंत सोबतीला आली. ऊन तापलं होतं. दोघी बाभळीच्या सावलीत एसटीची वाट पाहत उभ्या राहिल्या.

“तुमी त्या बैठकीवाल्या सरांच्या वळखीच्या का?” बनुबाईने विचारलं.

“हो. फार चांगलं काम केलंय त्यांनी. या रामच्या बायकोला किती छान बोलतं केलंय.”

“हिला?” बनुबाईने मान हलवली. “ही कशाला जातीय बैठकीला? बोलती केली ती हिची थोरली बहीण, रामची पयली बायकू. आईच्या औषधाला चोरून पैसं धाडते म्हून तिनं शेवटच्या बैठकीत समद्यांदेखत नवऱ्याला खरं सांगितलं, सरांनी टाळ्याबी वाजवल्या, अन् त्याच आठवड्यात ती शेततळ्यात सापडली.”