कच्चा टाका

"दोरा दातांत धरा," शिंपीणकाकू म्हणाल्या, "आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

नवरीने दोरा दातांत धरला. यंदाचा गाऊन अंगावरच शिवायचा असतो. शिवताना नवरी बोलली की बरगड्या हलतात, आणि बरगड्या हलल्या की टाका वाकडा पडतो. काकूंचा टाका आजवर वाकडा पडला नव्हता.

समोर तीन आरसे होते. तिन्हींत ती होती, आणि तिन्हींत तिच्या मागे सोफ्यावर मावशी आणि होणाऱ्या सासूबाई कॉफी पीत बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये डिझायनर उभी होती आणि नव्या मोसमात काय चाललंय ते समजावून सांगत होती.

"गेल्या मोसमात पाठ उघडी होती. त्याच्या आधी चेन, त्याच्या आधी बटणं. यंदा पाठ बंद. चेन नाही, हूक नाही, काही नाही. नवरीला आत घालायचं आणि शिवून टाकायचं."

"पार्सलसारखं," मावशी म्हणाली.

"अगदी!" डिझायनरला हे फार आवडलं.

"आणि गळा?" सासूबाईंनी विचारलं.

"गळा वर चढलाय. हनुवटीला टेकतो. बाह्या बोटांपर्यंत. गुडघ्यापाशी घेर आवळलाय."

"मग श्वास कुठून घ्यायचा हो?" मावशी म्हणाली.

"श्वास यंदा आखूड आहे," डिझायनर म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

रंग नेहमीचा पांढराच होता, पण यंदा त्याला 'मौन' म्हणायचं होतं.

टॅक्सीतून येताना नवरीने मावशीला सगळं सांगितलं होतं. काल संध्याकाळी होणाऱ्या नवऱ्याने तिचा फोन मागून घेतला आणि तिच्या सगळ्या मैत्रिणींचे नंबर पुसून परत दिला. "आवरून ठेवलाय गं," तो म्हणाला, आणि इतक्या मायेने म्हणाला की तिच्या तोंडून थँक्यू निघून गेलं. नंबरांचं तिला वाईट वाटलं, पण भीती वाटली ती त्या थँक्यूची.

"मावशी, मी आज त्याच्या आईला सांगणार आहे. उद्याचं लग्न मला नको."

मावशीने तिचा हात कुरवाळला. "सांग की. तुला कोण अडवतंय? पण आधी गाऊन अंगाला लावून तर बघ. ट्रायलला काय जातंय? कच्चा टाका असतो तो. ओढला की सुटला."

काकूंनी आता सुई उजेडात धरली. "कच्चा घालू की पक्का?"

नवरीने जोरजोरात मान हलवली. पण कच्चा की पक्का या प्रश्नाचं उत्तर मान हलवून देता येत नाही.

"हलू नका हो," काकू म्हणाल्या.

"पक्का घाला," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळच्या घाईत पुन्हा कोण शिवत बसणार?"

नवरीने मधल्या आरशात मावशीकडे पाहिलं. मावशी कॉफी ढवळत होती. साखर तर तिने कधीच सोडली होती.

"पक्काच घाला," मावशी कपाला म्हणाली. "पोरीचं काय मनावर घेता? आज एक म्हणते, उद्या दुसरंच."

सुई कमरेपासून निघाली, पाठीच्या कण्याने वर चढली आणि मानेशी येऊन थांबली. कुठेही टोचली नाही. निदान एकदा टोचायला हवी होती, असं नवरीला वाटलं.

"हं, सोडा दोरा."

"मला हे लग्न करायचं नाही," नवरी म्हणाली.

डिझायनर लगबगीने पुढे आली. "कुठे काचतंय?"

"गाऊन नाही. लग्न."

"काखेत असेल," काकू म्हणाल्या. "काखेत काचलं की असंच वाटतं."

"मला हा उतरवायचाय. आत्ताच्या आत्ता."

"हा उतरत नाही," डिझायनर समजूत घालत म्हणाली, "कापावा लागतो. आणि कापायचा मान यंदा नवऱ्याचा. म्हणून तर कात्री आम्ही दुकानात ठेवतच नाही. आधीच त्यांच्याकडे पाठवून देतो, मखमली डबीत."

"खिशातच घेऊन फिरतोय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "भारी हौशी! खाली गाडीत बसलाय बघ केव्हाचा. म्हटलं, वर ये. तर म्हणाला, मी कशाला? झालं की तिलाच खाली पाठव."

नवरी स्टुलावरून उतरली आणि जिन्याकडे निघाली. जिना एकच होता. तो उतरून उजवीकडे धावत सुटायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण गुडघ्यापाशी घेर आवळलेला, त्यामुळे पाऊल वीतभरच पडायचं. दुसऱ्याच पावलाला तिचा तोल गेला.

सोफ्यावरून दोघी एकदम उठल्या. एकीने उजवा दंड धरला, दुसरीने डावा.

"मावशी, सोड मला."

"पडशील गं बाई," मावशी म्हणाली आणि पकड आणखी आवळली. तिचे डोळे भरून आले होते. लग्नाच्या कपड्यात पोर पाहिली की येतं, तेच पाणी.

डिझायनर दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून जिन्याकडे निघालेल्या तिघींकडे बघत राहिली.

"वा!" ती म्हणाली. "चालही अगदी यंदाची आहे."