हे खरे आहे काय

प्रश्न पुकारला गेला आणि जलसंपदामंत्री उत्तर द्यायला उभे राहिले. धरणापलीकडच्या वस्त्यांमधल्या लोकांची ने-आण करणारी सरकारी लाँच बंद पडली आहे, हे खरे आहे काय? खात्यानं छापून दिलेलं उत्तर त्यांच्या हातात होतं : हे खरे नाही. खालच्या सगळ्या पोटप्रश्नांना मिळून एकच उत्तर : प्रश्न उद्भवत नाही.

वाचायचं आणि बसायचं, एवढंच काम. पण मंत्र्यांची नजर पहिल्याच ओळीवर अडली.

मागच्या विधानसभेत ते समोरच्या बाकांवर होते. आवाज असा, की सगळे त्यांना तोफ म्हणायचे. तेव्हा हाच प्रश्न त्यांनी विचारला होता आणि त्या वेळच्या मंत्र्यांनी, सभागृहात सगळे ज्यांना ताई म्हणायचे त्यांनी, हेच उत्तर वाचून दाखवलं होतं. तोफेनं सभागृह डोक्यावर घेतलं होतं. मग निवडणूक झाली, सरकार बदललं, बाकांची अदलाबदल झाली. खातं यांच्याकडे आलं, ताई समोर जाऊन बसल्या. आजचा प्रश्न ताईंचा होता.

सकाळी खात्याच्या सचिवांनी समजावलं होतं. "साहेब, लाँच बंद कुठाय? दुरुस्तीला आहे. चालक रोज हजेरी लावतो. म्हणजे सेवा चालूच की!"

मंत्र्यांना ते पटल्यासारखं झालं. तरी जाता जाता त्यांनी धरणाच्या अलीकडच्या काठावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन लावला. जुनी ओळख होती. मागच्या वेळी प्रश्नाची सगळी माहिती तिनंच पुरवली होती.

"लाँच कसली घेऊन बसलात, साहेब? तिच्यात कोंबड्या अंडी घालतात," ती म्हणाली. "पोरं पिंपांच्या तराफ्यावरून येतात. परवा एक मुलगी पाण्यात पडली. वाचली, पण आता तिची आई तिला शाळेत पाठवायला तयार नाही." मग तिनं विचारलं, "पण आता तर सरकार तुमचंच आहे ना? मग अडलंय कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर खात्यानं छापून दिलेलं नव्हतं.

"वाचून टाका हो," सभागृहात शेजारून मुख्यमंत्री पुटपुटले.

वर अधिकाऱ्यांच्या कक्षात सचिव मान पुढे काढून बसले होते. मंत्र्यांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"अध्यक्ष महोदय, छापील उत्तरात दुरुस्ती आहे. हे खरे आहे."

मुख्यमंत्र्यांच्या कपाळाला आठी पडली. सचिवांनी डोळे मिटून घेतले. मग विरोधकांच्या बाकांवर एकच गलका उसळला. "राजीनामा! राजीनामा!"

पण मंत्री बसले नाहीत. "लाँच बंद आहे," त्यांनी आवाज चढवला. "मुलं जीव मुठीत धरून शाळेत येतात. सोमवारपासून भाड्याची लाँच सुरू करतो. पहिल्या फेरीला मी स्वतः काठावर हजर असेन."

अध्यक्षांनी उपप्रश्नासाठी ताईंचं नाव घेतलं. अशी संधी विरोधी पक्षाच्या वाट्याला जन्मात एखाद्याच वेळी येते. मागचे सदस्य बाकं बडवू लागले. "सोडू नका, ताई! आता सोडू नका!"

ताई उठल्या. त्यांनी हात वर करून आधी आपल्याच माणसांना गप्प केलं. मंत्र्यांनी खाली मान घालून समोरचं टेबल घट्ट धरलं.

"अध्यक्ष महोदय, राजीनामा नको," ताई म्हणाल्या. "सोमवारी मंत्र्यांनी मलाही गाडीत घ्यावं. त्या मुलांना खरं उत्तर द्यायचं माझंही राहिलंय."