चिमूटभर खोबरं

आप्पांच्या वर्षश्राद्धाला नारळ खवताना माईंनी परात सवयीनं डावीकडे सरकवली. आप्पांचा हात नेहमी उजवीकडून यायचा. “एकच चिमूट गो!” हृदयाचं दुखणं निघाल्यापासून माई त्या हातावर चापट मारायच्या. “अहो, जिवावर उठलात का?” त्यांची आमटीसुद्धा बिनखोबऱ्याची, वेगळी शिजायची.

दुपारी पंगतीत डॉक्टर म्हणाले, “खोबरं म्हणजे आप्पांचा जीव की प्राण!”

“म्हणून तर कणभर दिलं नाही. तुम्हीच बंद केलं होतंत ना?”

“बंद? बेतानं खा म्हटलं होतं, माई. चिमूटभर चाललं असतं की.”

पानं उठल्यावर माई पुन्हा विळीवर बसल्या. उरलेली कवड खवली, परात हळूच उजवीकडे सरकवली आणि वाट बघत राहिल्या.