वसुमतीचा कोरंबू

“पाणी उरलं तर खाली सोडू, याला वाटणी म्हणत नाहीत,” वसुमती म्हणाली. “तूट आली की तूटच वाटून घ्यायची. सांग त्यांना.”

हरितानं ते कन्नडमध्ये सांगितलं. बेंगळूरूच्या नोकरीनं लेकीला एवढं तरी दिलं होतं. केळीच्या पानावर जेवायला बसलेला पुट्टस्वामी सांबार-भात कालवत राहिला. मंड्याकडचा शेतकरी, तिथल्या संघाचा सचिव. कावेरी आधी त्याच्या मुलखातून येते, मग तंजावूरला. उद्या तंजावुरात दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची सभा होती आणि वसुमतीनं लिहिलेल्या मागणीवर त्याची सही हवी होती. वरच्यांची सही नसली तर तो कागद रद्दीच.

“ते म्हणतात,” हरिता म्हणाली, “पाऊस कमी झाला की माणूस आधी आपलं पीक बघतो. उरलं तर देतो. यात पाप काय?”

वसुमती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात ओसरीवरून हाक आली.

“अम्मा! बाहेर येता, की मी आत येऊ?”

सुब्रह्मण्य होता. पापनाशमच्या या बाजूला जो लहान कालवा फिरतो, त्याच्या शेवटाला त्याचं शेत. वसुमतीचं तोंडाशी. पाणी कमी असलं की तोंडाशी बांबू रोवून, पेंढा-चिखल भरून आडवा बांध घालतात. त्याला इथं कोरंबू म्हणतात. वरची शेतं भरली की तो काढायचा, ही सासऱ्यांच्या वेळची रीत. यंदाचा कोरंबू वसुमतीनं अजून काढला नव्हता.

“भाताचा तरवा पिवळा पडलाय, अम्मा. आज पाणी आलं तर वाचेल. उद्या गुरांना घालायचा.” सुब्रह्मण्य दारातच उभा राहिला. “तूट आहे, मान्य. मग तूट वाटून घेऊ. उरलेलं पाणी नको मला.”

“माझी लावणी अर्धी राहिलीय, सुब्रह्मण्य. आधी माझं पीक मला बघायला नको? उरलं की सोडतेच आहे.”

“तंजावुरात माईकवर वेगळं बोलता. इथं माईक आणून देऊ काय?”

हरिताच्या जिभेला सकाळपासून वळण पडलं होतं. कोणी तमिळ बोललं की ती हळू आवाजात कन्नड करत होती. कोण बोलतंय ते न सांगता याचंही केलं, आईचंही केलं. पुट्टस्वामीची नजर पानावर होती. त्यानं मान वर न करता काही म्हटलं.

“काय म्हणतात?” वसुमतीनं विचारलं.

“जाऊ दे, आई.”

“सांग गे.”

“त्यांना वाटलं, मघाचंच बोलणं चाललंय.” हरिता म्हणाली. “म्हणतात, तूट वाटायचं तुम्ही सांगितलंत, ते मला कळलं. पण त्याच्या पुढचं, आधी माझं पीक, उरलं तर सोडते, हे तर माझं बोलणं. अक्का, ते तुम्ही कशाला म्हणता?”

ओसरीवर सुब्रह्मण्यला हसू आवरेना. वसुमतीचे कान तापले. ‘घरातली गोष्ट आहे’ असं म्हणावंसं तिला वाटलं. पण घर कुठं संपतं आणि नदी कुठं सुरू होते, हे सांगता आलं नसतं. ती उठली.

कालव्यावर गडी रमण चिलटं वारत बसला होता.

“कोरंबू काढ,” ती म्हणाली.

“अम्मा, आपल्या खालच्या दोन तुकड्यांत अजून टाचही बुडत नाही.”

“नाही ना बुडत. काढ. शेवटच्या शेतात पाणी पोचल्यावर पुन्हा घाल, आणि तोही निम्म्या उंचीचा.”

“तुमचे सासरे असते तर—”

“तर त्यांनाही सांगितलं असतं. उतर आता.”

रमण उतरला. सुब्रह्मण्य उतरला. मागोमाग पाहुण्यानंही धोतर खोचलं आणि तो कुणी नको म्हणायच्या आत पाण्यात गेला. कडेचा बांबू धरणाऱ्या रमणला त्यानं हातानं थांबवलं आणि मधला उपटला. त्यामुळे काठ फुटला नाही. पाणी आधी चिखल घेऊन निघालं, मग पेंढा, मग नुसतं पाणी. सुब्रह्मण्यनं आभार मानले नाहीत. तो फोन कानाला लावून पाण्याच्या बरोबरीनं बांधावरून धावत सुटला.

पुट्टस्वामी काठावर पाय धुवायला बसला. वसुमती त्याच्याजवळ गेली. तिला त्याच्याकडे बघवेना.

“वरच्यांनी कसं वागावं हे शिकवायला तुम्हाला बोलावलं, आणि हे दाखवलं,” ती म्हणाली. “उद्या सही केली नाहीत तरी मी काही म्हणणार नाही. हरिता, सांग.”

पुट्टस्वामी बराच वेळ बोलला. हरिता ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“सही करतो म्हणतात. पण आमच्या गावातल्या वरच्यांना हे सांगायला तुम्हीच या, अक्का. माझं शेत कालव्याच्या अगदी शेवटाला. तिथं माझं कोण ऐकतं?”