दोनशे ठोके

कुंभकोणमच्या खाणावळीत बॉयलरकडून इडलीच्या पेटीकडे जाणारी तांब्याची नळी ठकठक वाजायची. ते ठोके मोजूनच अप्पा इडल्या उतरवायचे: "दोनशे झाले, काढा!" सुट्टीवर आलेली लेक पंकजा अणुवीजकेंद्रात पाण्याची वाफ करणाऱ्या बाष्पजनित्राच्या नळ्या तपासायची. कधी वाफ, कधी पाणी असा प्रवाह हेलकावला की नळी थरथरते, हे तिला पाठ होतं. बॉयलर निवल्यावर तिने नळीला भिंतीशी धरून ठेवणारा लोखंडी पट्टा सोडवला. "तीस वर्षं वाजतेय, कशाला उघडतेस?" अप्पा कुरकुरले. पट्ट्याखाली घासलेलं तांबं चकाकत होतं. तिने अंगठा दाबताच ते कागदासारखं दबलं. अप्पांनी हळूच विचारलं, "तुझ्या अणुभट्टीतही असं वाजतं का गं?" "एक नळी थरथरते, पण मर्यादेत." तसा अहवालही तयार होता, तिची सही तेवढी राहिली होती. तिने केंद्रातल्या वरिष्ठांना फोन लावला. "सर, ती नळी प्रत्यक्ष बघेपर्यंत माझी सही नाही."