'अ' की 'द'

मातृभूमीसाठी प्राण देणं हे वैमानिकाचं परमकर्तव्य असतं. इंग्लंडमध्ये आलेल्या पोलिश तुकडीला त्याआधी इंग्रजी व्याकरण शिकावं लागलं, तेही पोरांच्या तीनचाकी सायकलींना विमान मानून, कानाला रेडिओ लावून. "नामाआधी 'अ' म्हणजे कुठलाही, 'द' म्हणजे ओळखीचा," इंग्रज मास्तर बजावत. "आकाशात पोलिश बोललात, तर विमान काढून घेऊ." "बोगुश, माझ्यामागे जर्मन लागला तर त्याची ओळख काढत बसू नकोस, गाढवा," वितेक खिदळला. पोलिश शिवीपायी आठवडाभर विमानाविना बसलेला बोगुश हसला नाही. गुरुवारी वितेकच्या विमानामागे खरोखरच जर्मन लागला. बोगुशने रेडिओचं बटण दाबलं, ओठांवरची पोलिश हाक गिळली आणि विचार केला: 'अ' की 'द'? ओळखीचा नव्हता, म्हणजे 'अ'. वाक्य संपलं तेव्हा वितेक जळत खाली चालला होता. संध्याकाळी मास्तरांनी रेडिओची नोंदवही तपासली. वाक्य बरोबर होतं.